झिरो बघून घ्या

खासनीस आजोबा स्कूटर लावतात
मशीनपासून हातभर लांब,
जणू मशीन चावेल.
"किराणावाल्यांचं पेट्रोल," म्हणतात,
"डाळीत खडे निघतात तुमच्या, यात काय काय निघेल.
आणता तरी कुठून?"

मी म्हणते, लोणीहून.

"लोणी आत मिळतं, दह्याच्या फ्रीजशेजारी,"
आणि हेल्मेट काढून
स्वतःच्याच विनोदावर पुरेसं हसून घेतात.
दीडशेचं टाकतात. पावती मागतात.

म्हणून पुढचं सांगितलं नाही,
की मीही लोणीचीच, काळभोरांच्या.
पहाटेच्या बसला मी खिडकीशी,
शेजारून टँकर, मगरपट्ट्यापर्यंत मागेपुढे,
कधी तो सिग्नलला, कधी मी.
एकाच गावातून निघतो, एकाच पंपावर उतरतो.
त्याच्या झाकणांना नंबरी सील,
माझ्या खिशाला प्रज्ञा नावाचा बिल्ला.
प्रज्ञा दिवाळीत सोडून गेली.
माझा अजून छापून यायचाय.

आईची टपरी डेपोच्या पार्किंगला.
तिथं बाकड्यावर सगळ्या कंपन्या शेजारीशेजारी बसतात.
निळा टँकर, लाल टँकर, पिवळ्या पट्ट्याचा,
आई रंग बघत नाही, साखर बघते:
बिनसाखरेचे दस्तगीरभाई,
दोन चमचे जास्तवाला बिराजदार.
पाईप मुंबईहून घाट उतरून येतो तो सगळ्यांचा,
दस्तगीरभाई म्हणतात, ज्याचा त्याचा
मसाला तेवढा शेवटी, चिमूटभर.

मंगळवारी गाडी उशिरा आली. ऊन चढलेलं.
पंप बंद, शंकू लावलेले, वायरीचा चिमटा टँकरला,
वाळूची बादली जवळ.
आजोबा दोरी उचलून आत आले.
अडवायला हवं होतं.
मी जारमध्ये नमुना घेतला,
हायड्रोमीटर सोडला,
तो डुलला, डुलला, थांबेना,
तोवर आजोबा गुडघ्यांवर हात ठेवून
डोळे काचेच्या रेषेला लावून वाकलेले,
माझ्याआधी आकडा सांगितला.
वरचा नाही, खालच्या कडेचा. बरोबर.

"बत्तीस वर्षं," म्हणाले, "सरकारी डेअरीत.
पहाटे तीनला कॅन यायचे.
लॅक्टोमीटर असाच नाचतो,
त्याला घाई केली की खोटं बोलतो."

तक्त्यात तापमान लावलं. चलनापेक्षा एकाने कमी.
"तीनपर्यंत चालतं," मी म्हणाले.
"आम्ही गवळ्याला एवढी सूट दिली नव्हती."
पट्टीला पेस्ट लावून टाकीत सोडली,
पाणी नाही.
"मग शुद्ध?"
उसाचं स्पिरिट असतं त्यात, पाचातला एक भाग.
"म्हणजे भेसळ!"
सरकारमान्य.
यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
दस्तगीरभाई टायरला टेकून हसत होते.

मग, "लोणीच्या आधी?"
पाईप.
"पाईपच्या आधी?"
मुंबई. जहाज.
"जहाजाच्या आधी?"
मला नाही माहीत, आजोबा.
दस्तगीरभाईंनाही नाही.
आईच्या बाकड्यावर हे कुणी विचारलेलं नाही,
तिथं विचारतात, भजी ताजी आहेत का.

"आमचंही तसंच," ते म्हणाले.
"कॅनवर गावाचं नाव असायचं.
म्हशीचं नाव कुणी लिहीत नाही."

टँकर रिकामा झाला, शंकू काढले,
मागे पाच-सहा रिक्षा हॉर्नवर.
आजोबांनी स्कूटर आणली,
या वेळी अगदी मशीनला लागून,
आरसा जवळजवळ नळीला घासला.

झिरो बघून घ्या, मी म्हणाले.

त्यांनी चष्मा वर करून झिरो बघितला,
मग माझा खिसा.
"टाकी फुल कर, प्रज्ञा."

मी केली.