तुतीआड

सात वाजता मी खडीवर पाणी मारतो,
नाहीतर खुर्च्या सरकल्या की धूळ उठते
आणि झोतात उभी नायिका
आत्ता खोकेल असं वाटतं.
हा विनोद स्ट्रातोसचा. तेवीस उन्हाळे ऐकतोय.

व्होलोसच्या बंदरामागच्या गल्लीत
आमचं हे बिनछपराचं थिएटर:
एकशेचाळीस खुर्च्या, त्यातल्या अकरा डुगडुगत्या,
भिंतीला चुना, चुन्यावर सिनेमा,
कडेनं जाई, आणि तिकीट न काढणारी सहा मांजरं.

तिकीट न काढणाऱ्यांत पोलिक्सेनीबाईही.
समोर तिसऱ्या मजल्यावर त्यांची बाल्कनी:
कलिंगडाची फोड, खारं चीज,
पाय गार पाण्याच्या टबात.
बाल्कनीवाल्यांकडे पैसे मागायचे नसतात,
स्ट्रातोस म्हणतो,
त्यांच्या झोपेचे आपण रोज बारा वाजवतो.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी दरवर्षी तोच सिनेमा.
हॉलिवूडचा, काळा-पांढरा, बाईंच्या लग्नाआधीचा.
रीळ इतकी सांधलेली
की चुंबन सुरू होतं तेव्हा
संपलेलंच असतं.

आणि बाईंना दिसायचा फक्त डावा अर्धा.
उजवीकडे तुती होती.

चाळीस वर्षं
हॉटेलातल्या टेबलाशी नायिका बसलेली,
बोलतेय, ऐकतेय, ओठ चावतेय,
कुणासाठी? तुतीसाठी.
पानांतून एक हात यायचा,
तिची सिगारेट पेटवायचा,
परत पानांत.
त्याचा आवाज यायचा, पण इंग्रजीतून, नुसती गुरगुर.
खाली उमटणारी ग्रीक अक्षरंही अर्धीच:
“मी तुला कधीच”
“परत आलो तर”
“तुझ्याशिवाय हे शहर”
आणि मग पानं.

पुढचं मी घालते, म्हणाल्या होत्या एकदा,
मी बटाट्यांची पिशवी वर पोचवली तेव्हा.
दरवर्षी वेगळं.
ज्या वर्षी आमचं माणूस जहाजावरून उतरलंच नाही
त्या वर्षी जरा कडू घातलं.
मग मुरत गेलं. ऑलिव्ह मुरतात तसं.

फेब्रुवारीत वादळ झालं. तुती आडवी.
नगरपालिकेनं दोन दिवसांत ओंडके नेले,
खड्डा बुजवला, वर सिमेंट.
आम्हाला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू:
झाडायला पानं नाहीत,
खुर्च्यांवर जांभळे डाग नाहीत.

आज शेवटचा शनिवार.
तिकिटांच्या खिडकीतून मी मान वळवून वर बघतो.
बाई ताठ बसल्यात, चष्मा लावून.
कलिंगड तसंच.

हॉटेल येतं. टेबल येतं.
टेबलाला आता दुसरं टोक आहे.
तिथं एक माणूस बसलाय,
देखणा म्हणता येईल असा,
केस तेलानं चापून बसवलेले.
ती जीव तोडून बोलतेय
आणि तो घड्याळ बघतोय.
“मी तुला कधीच म्हटलं नव्हतं, थांब म्हणून.”
अख्खं वाक्य. पूर्णविरामासकट.

खाली भोपळ्याच्या बिया फोडायचं कुणी थांबलं नाही.
एक मांजर भिंतीवरून गेलं.

वर दार वाजलं.
वाटलं, गेल्या झोपायला.
मग बादलीचा आवाज, पिळण्याचा,
आणि रात्री पावणेअकराला
पोलिक्सेनीबाई दोरीवर एक ओली चादर टाकतात.
टोक ओढतात. खुर्चीवर बसून बघतात.
उठतात. चार बोटं डावीकडे.
पुन्हा बसून बघतात.
नाही, दोनच बोटं.
चिमटा लावतात.

वाऱ्यानं चादर जराशी हलते.
तिच्याआडून हात येत असणार,
काडी पेटत असणार.
बाईंचे ओठ काहीतरी जुळवतायत,
इथून ऐकू येत नाही.
मग त्या पाय टबात सोडतात
आणि कलिंगडाला हात घालतात.