पान दुसरं

रात्री सव्वाअकरा. खापरीच्या पुढे, मिहानच्या इमारतीत
एसी इतका, की भर मे महिन्यात
माझ्या खुर्चीवर शाल असते.
बाहेर डांबर अजून मऊ आहे.
आत मी परदेशी राहणाऱ्यांची दुखणी वाचते:
ऑकलंडमधला मणका, दोह्यातला मूतखडा,
डब्लिनच्या एका बाईची सातव्या महिन्यातली जुळी.
एका फाइलला बावीस मिनिटं.
माणूस खरा की खोटा, ते ठरवायचं नसतं.
दुखणं पॉलिसीच्या आधीचं की नंतरचं, एवढंच.

हेमराज कवडूजी निखारे. वय त्रेचाळीस.
क्रेन ऑपरेटर, सलालाह.
छातीत कळ, दोन स्टेंट, साडेचार हजार रियाल.
मूळ पत्ता भांडे प्लॉट, सक्करदरा,
म्हणजे आमच्या घरापासून दोन चौक.
बुधवार बाजारात त्याच्या बायकोच्या बाजूला बसून
मी कधी वांगी निवडलीही असतील.

कंपनीनं त्याला कळवलं होतं: जुने कागद असल्यास जोडावे.
कोणी जोडत नाही. शहाणे लोक लिहितात,
घर बदललं, कागद गहाळ झाले.
यानं जोडला. सात वर्षांपूर्वीचा,
घडीवर फाटलेला, चिकटपट्टी लावून सांधलेला.
आणि बाप्पा, तो डॉक्टर!
अक्षर नाहीच, नुसती ओली रेघ,
गोगलगाय गेल्यासारखी.
वरच्या टेबलावरून शेरा आला: वाचता येत नाही.

मग पान दुसरं.
त्याच कागदाची मागची बाजू.
मशीन विचारतं:
भाषा अनोळखी. मजकूर आजाराशी संबंधित आहे?
हो. नाही.

अनोळखी.
पेन्सिलीनं लिहिलेलं, गोल,
चौथीच्या बाईंनी छडी घेऊन वळवलेलं अक्षर:
साखरेची गोळी. रात्री जेवल्यावर अर्धी.
पिवळ्या डब्यात आहे, लाडवांच्या खाली.
विसरू नका.

डॉक्टरचं वाचता येत नाही
म्हणून हेमराज वाचतो.
बायकोचं वाचता येतं
म्हणून

अठरा मिनिटं झाली होती.
दहातली एक फाइल तपासणीला जाते, कोणती ते कळत नाही.
माझ्या नोकरीवर बाबांचा विमा आहे,
मनीषनगरच्या फ्लॅटचा हप्ता आहे.
आणि नियम काही वाईट माणसांनी केलेला नाही;
लपवणारे लपवतात, भरणारे भरतात,
हे मीच नव्या मुलींना शिकवते, पहिल्या सोमवारी.
तरी ते लाडू.
मेथीचे असतील, की डिंकाचे?

मी 'नाही' दाबलं.
मोठं काही केल्यासारखं वाटलं नाही.
पाणी प्यायले. पुढची फाइल लिस्बन, गुडघा.

सकाळी साडेसहाला गाडीनं चौकात सोडलं.
पोह्यांच्या ठेल्यावर तर्रीचं भगुणं उकळत होतं.
घरात सगळीकडे बॅगा.
धाकटा, निनाद, रविवारी शारजाला चाललाय.
आई जमिनीवर बसून त्याच्या गोळ्यांची पाकिटं
मोज्यांत भरत होती.
"फिटचं लिहिलं काय गं त्यानं त्या फॉर्मात?"
मी म्हटलं, माहीत नाही.
मला माहीत होतं.
"बरं, तुझं अक्षर चांगलं आहे," ती म्हणाली,
"याच्यावर लिहून दे. तो विसरते."

पेन्सिल हातात घेऊन बराच वेळ बसले.
कूलरचं पाणी वाळ्यावरून टपटपत होतं.
गोळीचं नाव लिहिलं नाही. आजाराचं तर नाहीच.
लिहिलं, रात्री अर्धी.
आणि खाली,
हात मुद्दाम थरथरवत,
वेलांट्या मोडून, शिरोरेघ सोडून,
कुठल्याही टेबलाला लागू नये असं,
विसरू नको.

आई चष्मा पुसून पुन्हा बघत राहिली.
"काय लिहिलंस गं हे?"