अखेरची दिसली

हेल्वेने सहायकाला एवढंच सांगितलं:
परक्यांना उघडं असेल ते सगळं लावून टाक.
आणि चष्मा पुसत बसली.

त्याने चोख काम केलं.
फोटो, ठावठिकाणा, निळ्या खुणा, सगळ्यांना कड्या.
यादीत एक लेइदा होती.
सात वर्षांत एक शब्द नाही,
म्हणजे परकीच की.

त्याला कोण सांगणार,
सारेमा बेटावर रोज पहाटे
मेंढ्यांना चारा घालण्याआधी
एक बाई फोन उघडून पाहते,
'अखेरची दिसली ६:०४',
आणि पुटपुटते, आहे सटवी.
हेल्वेही तिचं पाहते.
आईच्या शिवणयंत्रावरून भांडल्या त्यानंतर
बोलणं उरलंय ते एवढंच.

तिसऱ्या दिवशी ताल्लिनमध्ये, चौथ्या मजल्यावर
बेल वाजली, वाजतच राहिली.
लेइदा. धाप लागलेली,
काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला काळा पाव.
"मेलीस वाटलं."
"नाही."
बूट काढले तिने. बर्फाचं डबकं
हळूहळू गालिच्याकडे निघालं.

टेबलावर फोन उजळला:
बदल जतन केले आहेत.
आणखी कुणाला वगळू?

आत किटली शिटी घालायला लागली.
दोघींपैकी कुणी उठेना.