तूर्तास

डंडीच्या त्या तिसऱ्या मजल्यावर
आयलीच्या टेबलावर तीन यंत्रं होती.
एकच दार ती तिन्हींवर उघडून बघायची:
कुरकुरतं ना, उजेड आत येतो ना.
तिसऱ्यावर तो जरा उशिरा यायचा,
ते ती वहीत टिपायची.
नऊ वर्षं हेच. पगार दारांचा.

मग कंपनी विकली गेली.
पत्र आलं, गोड:
'तूर्तास काहीही बदलणार नाही.'
केकही आला, नव्या मालकाच्या रंगाचा.
म्हातारा मर्डो बोटं चाटत म्हणाला,
या वाक्यातला पहिलाच शब्द महागडा आहे.

जुने खेळ सगळीकडे राहतील, ठरलं.
नव्यांबद्दल कुणी बोलेना.
आणि एका सोमवारी
टेबलावर दोनच यंत्रं.
तिसऱ्याच्या जागी धूळ नसलेला चौकोन,
लाकूड अजून कोरं.

भाऊ स्ट्रूअन उत्तर समुद्रात, तेलविहिरीच्या फलाटावर.
त्याच्याकडे तेच, तिसरं. हिच्या घरी पहिलं.
रविवारी रात्री दोघं खेळात भेटतात,
बुरुजावर पाय सोडून बसतात,
आईच्या गुडघ्यांबद्दल बोलतात.
'पुढचा भाग माझ्याकडे येईल ना गं?'

तिनं सही केलीय, सांगता येत नाही.
शिवाय तिला तरी कुठे माहितेय.

'खाली बघ,' ती म्हणते, 'कुणीतरी आलंय.'
तो उठतो, मशाल घेऊन जिना उतरतो.
दार कुरकुरतं.
उजेड
त्याच्याकडे जरा उशिरा येतो.

तेवढं ती थांबते.