मराथेफ्तिको

रमजानात बार बंद. त्या वर्षी तो जूनमध्ये आला.
बाटल्यांच्या मांडणीवर पांढरी चादर,
आणि स्तेलिओस आम्हा सहा वेटरांना
मागच्या स्टोअरमध्ये सायप्रस शिकवतो.
बाहेर मनामा भट्टीसारखी. आत तेरा डिग्री,
बाटल्यांना मानवेल तेवढी.
माणसांनी स्वेटर आणायचे.

टेबलावर नकाशा. शेपटीच्या पतंगासारखं बेट,
मधे त्रोदोसचा डोंगर,
उतारावर पित्सिलिया, खाली लिमासोलची गावं,
मावळतीला पाफोस.
पांढरं ते झिनिस्तेरी. काळं ते माव्रो,
आणि माव्रोचा अर्थही काळंच.
मी म्हणालो, आमच्याकडेही
काळ्या बैलाला काळ्याच म्हणतात.

मग आलं मराथेफ्तिको.
बिजूनं कोपरानं ढोसलं :
तुझ्या भावकीतलं दिसतंय रे!
सगळे हसले. स्तेलिओस नाही.
त्याच्या आजोबांच्या बांधाला होती ही वेल.

हिला एकटीला नीट फळ धरत नाही, तो म्हणाला.
फुलोरा येतो, गळून जातो.
शेजारी दुसऱ्या जातीची ओळ लागते.
स्पूर्तिको लावतात, पातळ सालीचं,
हात लावला की फुटणारं.
बाजारात त्याला फारसं कुणी विचारत नाही.
ते नुसतं शेजारी असतं.

मी लिहून घेतलं. खाली रेघ मारली.
गुदैबियातल्या खोलीत माझं हे अकरावं वर्ष,
वरचा बंक.

रात्री शालनला फोनवर सांगितलं.
ती सावळजला शेडमध्ये, बेदाणा निवडत होती.
म्हणाली, त्यात काय नवल?
पपईला पण नर लागतोच की.
आणि मग बराच वेळ
नुसता पंख्याचा आवाज,
दोन्हीकडचा.

ईद झाल्यावर परीक्षा.
पेल्यात कमांदारिया,
उन्हात सुकवलेल्या द्राक्षांची, मधाच्या रंगाची.
वास सांग.
पुस्तकात होतं : अंजीर, अक्रोड, जर्दाळू.
पाठ होतं सगळं.
पण नाक पेल्यात गेलं आणि तोंडातून निघालं :
शेड. गंधकाची धुरी.
हिरव्या जाळीतून गाळून आलेलं ऊन,
आणि निवडून निवडून चिकट झालेली बोटं.

चाखलं. बादलीत थुंकलो, रीतीप्रमाणे.
आमच्या सात पिढ्यांत कुणी
थुंकण्याची परीक्षा दिली नव्हती.

वासाला स्तेलिओसनं शून्य दिलं.
मग माझा कागद परत ओढून
समासात, त्याच्या लिपीत,
काहीतरी लिहून ठेवलं,
आणि विचारलं, शेडला तुमच्यात काय म्हणतात?
शेडच, मी म्हणालो.