लवेच्या बाजूने

मेरेआना गेली सव्वाचारला
आणि तिचं स्लाइम राहिलं.
हिरवं, आत चांदीची टिकली-टिकली,
हीटरसमोर, गालिच्यात जिथे ऊब जास्त
नेमकं तिथेच मांजरासारखं पसरलेलं.
"आजोबा, ते झोपलंय," म्हणाली होती,
"उठवू नका."

इन्व्हरकार्गिलचा जुलै. दक्षिणेचा वारा
पत्र्याला दात लावून बसलेला.
नायरी बोल्सच्या क्लबात, येईल सहाला.
माझ्याकडे एक चमचा, पांढरा व्हिनेगर,
फ्रीजरमधली वाटाण्याची पिशवी
आणि हे गुडघे,
जे आता विचारल्याशिवाय वाकत नाहीत.

आधी थंड करायचं. हे मला कुणी शिकवायला नको.
एकतीस वर्षं कारखान्यात मेंढ्या सोलल्या;
काय कधी सुटतं, बोटांना पाठ आहे.
वीस मिनिटं वाटाणे.
मग चमच्याची पाठ, कडेकडून आत.
आतून बाहेर गेलात तर पसरतं,
भांडणासारखं.

मोठे तुकडे निघाले. उरलं ते लवेच्या मुळाशी.
तिथे व्हिनेगर, थेंब थेंब.
थांबायचं.
जुन्या बनियनचा तुकडा दाबायचा, उचलायचा,
घासायचं नाही,
आणि सगळं लवेच्या बाजूने.
लोकर शेवटी लोकरच.
उलटा हात फिरवला
तर मेलेली मेंढीसुद्धा अंग चोरते.

एक टिकली सोफ्याखाली चमकली.
हट्ट माझा, दुसरं काय. सोफा ओढला.

खाली एक चौकोन.
रंग तोच, पण लव उलटी:
सगळा गालिचा खिडकीकडे झुकलेला,
हा वीतभर तुकडा दाराकडे.
बोट फिरवलं. कडेला टाके लागले,
बारीक, नायरीच्या हाताचे.
आणि काप चारही बाजूंनी सरळ.
स्वयंपाकघरातल्या सुरीने असा काप होत नाही.

एक्याण्णव साल.
शनिवारी घरी धार लावलेली माझी सुरी
सोमवारी लायनीवर बोथट निघाली.
मी रावीरीला धरलं. नवा पोरगा, सतराचा.
"दुसऱ्याच्या सुरीला हात लावतोस?"
तो नाही म्हणत राहिला.
चाळीस माणसं ऐकत होती, मेंढ्या पुढे सरकत होत्या.
हिवाळ्याआधी तो टिमारूला निघून गेला.

रोना तेव्हा सात वर्षांची.
झोपतानाही तोंडात च्युइंगम.
आणि त्याच महिन्यात सोफा खिडकीखालून इथे आला.
"इथे ऊन कमी, कापड विटणार नाही,"
नायरी म्हणाली,
आणि मीच एक बाजू उचलली.

उठलो. भिंतीतल्या कपाटाचा तळ पाहिला.
बुटांच्या खोक्यांमागे
वीतभर उघडी फळी.

गालिच्याचे हप्ते चालू होते तेव्हा.
माझा आवाज मोठा होता.
दोघी दुपारी दार लावून बसल्या असतील,
एकीने पट्टी धरली असेल,
एकीने माझी सुरी,
आणि मी बूट काढेपर्यंत
सगळं जागच्या जागी.
मला वाटायचं, माझ्या घरात काही सांडत नाही.

सोफा ढकलला. पाय जुन्या खळग्यांत बसेनात,
बोटभर बाहेरच राहिले.

सहाला नायरी आली. कोट काढता काढता
सोफ्याच्या पायाकडे बघितलं,
मग माझ्याकडे.
घरात कांद्याच्या लोणच्याची बरणी फुटल्यासारखा वास.
"निघालं का?"
"निघालं. थोडी चांदी राहिलीय."
"राहू दे," म्हणाली,
आणि वाटाणे उकळायला टाकले.

जेवताना मी विचारलं,
टिमारूत आपल्या ओळखीचं कुणी आहे का अजून.
ती काटा खाली ठेवून जरा वेळ गप्प बसली.
रावीरी आता पन्नाशी ओलांडलेला असेल.