वारा वायव्येचा

बाबांची वही माझ्याकडे आली
कारण बाकी कुणी मागितली नाही.
लायमनने नांगर नेला, इलेक्टाने घड्याळ.
मी शेंडेफळ, मला वही.
कातडी पाठ, कोपरे उंदरांनी चाखलेले,
आत अठ्ठावीस वर्षांचं आयोवा.

पहिल्या पानावर:
"ऑरिन स्टॅनिफर, व्हर्मॉन्टहून.
एकशे साठ एकर. झाड एकही नाही."

मग रोज एक ओळ, फार तर दीड.
वारा आधी, मग काम, उरलं तर माणसं.
"वारा दक्षिणेचा. गवताची मुळं तोडली. फाळ दोनदा घासला."
"वारा नाही. डुकरं विकली, चार. लोविनाला मुलगी झाली."
ती मी.
डुकरांचा भाव लिहिलाय. माझं नाव नाही.
त्या वर्षी भाव बरा होता म्हणे.

इलेक्टा म्हणते, बाबा कोरडे.
असतील.
पण थंडीत दौतीतली शाई गोठायची
तेव्हा ते ती सदऱ्याच्या आत, छातीशी धरून बसायचे,
एका ओळीसाठी अर्धा तास.
हे वहीत नाही. हे मी पाहिलंय.

होझियाचं पत्र टेनेसीहून आलं,
त्याच्या हातचं नव्हतं.
घेऊन आलेला शेजारी घोड्यावरून उतरलाच नाही,
बराच वेळ तसाच बसून राहिला, असं इलेक्टा सांगते.
त्या दिवशीची ओळ: "मका सोलला. अकरा गाड्या."
मग नऊ दिवस काही नाही.
दहाव्या दिवशी: "वारा वायव्येचा. कुंपण."
पुढे क्रियापद नाही.
दुरुस्त केलं, की मोडलं,
की नुसतेच धरून उभे राहिले,
कळायला मार्ग नाही.

आईला लिहिता येत नव्हतं.
वही उलटी करून मागून उघडली की आई सुरू होते:
चार उभ्या रेघा, वर एक आडवी,
पाच अंडी.
लोण्याला गोल, मेलेल्या कोंबडीला फुली.
तो पैसा साखरेच्या डब्यात जायचा.
त्यातून आमचे बूट, खिडकीची काच,
आणि टेकाडावरचा तो दगड,
होझियाच्या नावाचा, खाली कुणी नसलेला.
दगड आला त्या आठवड्यात
रेघा नेहमीइतक्याच.
कोंबड्यांना काय ठाऊक.

टोळ आले ते वर्ष बाबांकडे दोन शब्दांत:
"टोळ. कांदेसुद्धा."
आईकडे मात्र रेघाच रेघा!
कोंबड्या टोळ खाऊन माजल्या होत्या,
अंडी वास मारायची, बलक लालभडक,
दुकानदार परत पाठवायचा.
तरी तिनं मोजली. एकूण एक.

एकोणऐंशीच्या मार्चमध्ये आई गेली.
"वारा पूर्वेचा. जमीन अजून कडक."
त्यापुढे बाबांची बाजू कोरी.
मला वाटलं, वही तिथेच संपली.

काल रात्री सहज मागून चाळत होते.
आईच्या रेघा थांबतात, एक पान मोकळं,
आणि मग पुन्हा रेघा.
जाड, तिरप्या, कागद फाटेल अशा दाबलेल्या.
पाच. पाच. तीन.
वारा नाही, मका नाही, डुकरं नाहीत.
दोन वर्षं म्हातारा वही उलटी धरून
अंडी मोजत होता.

शेवटून तिसऱ्या पानावर एक फुली आहे.
फुलीशेजारी त्यांच्या अक्षरात:
"हिची ठिपक्यांची."

उद्या इलेक्टाला पत्र लिहीन म्हणते.
घड्याळ नीट चालतं का,
ते आधी विचारीन.